स्टँडवर जायचं, गाडीत बसायचं नाही

मनकर्णाआक्का माझी थोरली नणंद. आदिलाबादच्या बाजारात त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं, भगवंतरावांचं, बांगड्यांचं दुकान होतं. आक्कांचा हात इतका हलका, की लहान पोरी बांगड्या भरताना रडायच्या नाहीत. घाई करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

माझी मयूरी तेव्हा चार वर्षांची होती. एका लग्नाहून परतताना वाटेतल्या बसस्टँडवर "मी एकटीच जाते" असं ऐटीत सांगून ती संडासात गेली. तेवढ्यात लाइन गेली. आतली कडी अडकली. ती अंधारात किंचाळत होती आणि मी बाहेरून दार ओढत होते. कुणीतरी खांदा लावून दार उघडलं, तेव्हा पोरीचं अंग थंडगार पडलं होतं.

त्या दिवसापासून घराबाहेरच्या संडासात ती पाऊल टाकेना. बालवाडीतून पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची. घरात शिरली की दप्तर फेकून मोरीकडे धावायची. मग जळजळ सुरू झाली, ताप आला. डॉक्टर म्हणाले, पोरगी लघवी दाबून ठेवते. समजावून झालं, रागावूनही झालं. वसंत पंचमीला बासरच्या सरस्वती मंदिरात तिचा अक्षराभ्यास, म्हणजे पहिलं अक्षर गिरवायचा विधी, करायचा होता आणि मला एवढ्या प्रवासाचीच काळजी लागली होती.

आक्कांच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "नीलिमा, तिले काऊन रागावून राह्यली तू? भेव का रागावल्यानं जाते?"

पुढच्या रविवारी दुकान भगवंतरावांवर सोडून त्या घरी आल्या. "चल मयूरी, स्टँडवर जाऊ."

"कुठी जायचं, आत्या?"

"कुठीच नाई. गाड्या पाहू अन् वापस येऊ."

मीही गेले. संडासापासून बऱ्याच लांबच्या बाकावर आम्ही बसलो. आक्कांनी उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या. निर्मलची गाडी लागली, उटनूरची सुटली. मग आक्का हळूच म्हणाल्या, "पाय, ते हिरव्या लुगड्याची बाई आत गेली. आता ते बाहेर येते का नाई?"

मयूरी शेंग तोंडात धरून बघत राहिली. बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"आली!"

मग तो खेळच झाला. शाळेच्या पोरी, म्हाताऱ्या, लेकरं घेतलेल्या बाया, जी आत जाईल ती बाहेर येईपर्यंत मयूरी डोळे लावून बसायची. एकीला उशीर झाला तेव्हा हिचा चेहरा उतरला. ती आली तशी हिनं टाळ्याच पिटल्या. त्या बिचारीला कळेना, आपलं काय चुकलं.

असे कितीतरी रविवार गेले. दर वेळी बाक थोडा जवळचा. तिथं झाडलोट करणारी पोशव्वा आता ओळखीची झाली होती. "रा अम्मा, रा," असं तेलुगूत जवळ बोलावत तिनं एकदा मयूरीच्या हातात पाण्याचा मग दिला. मयूरीनं दारातूनच पाणी फेकलं आणि त्या आवाजाला स्वतःच हसली. पुढच्या खेपेला ती आत गेली, पण दार सताड उघडं. आक्का समोर पाठ करून उभ्या राहिल्या, आडोशासारख्या.

दार लोटायची वेळ आली तेव्हा पुन्हा रडू आलं. "आत्या, तू जाशील निघून."

आक्कांनी पदराचं टोक दाराखालून आत सरकवलं. "हे धरून ठेव. पदर तुया हातात असल्यावर म्या जाऊ कुठी?"

आतून पदराला झटका बसला. बाहेरून आक्कांनी हलकेच ओढलं. पुन्हा आतून झटका. थोड्या वेळानं आतून चक्क हसू ऐकू आलं. माझे डोळे भरून आले.

बासरला तुफान गर्दी होती. अक्षराभ्यास झाल्यावर मयूरीनंच माझा हात ओढला. पण आम्ही गेलो त्या संडासातलं पाणी संपलं होतं, आत पाय ठेववत नव्हता. मयूरी नाक दाबून म्हणाली, "इथी नाई."

मला वाटलं, सगळं मुसळ केरात. आक्का मात्र खुशीत म्हणाल्या, "बरोबर हाये तियं. म्या बी नसती गेली. दुसरं पाहू." थोडं चाललो, स्वच्छ संडास सापडला. मयूरी आत गेली, कडी तेवढी लावली नाही.

परतीच्या गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली. आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लग्न होऊन आली ना म्या गावाकून, तवा घरात संडास पाह्यला. गावात आमी वावरात जाऊ. त्या चार भिंतीत मले असं घाबरं होये! पहाटं उठून नाल्यावर जाऊ. सासू हासे. कोनाले सांगू?"

"मग भीती गेली कशी?"

"गेली हळूहळू. पन एकटीनंच."

आता दुकान बंद झालंय. आक्का भीमपूरकडे शेतावर राहतात, गुडघे दुखतात. मयूरी बासरलाच कॉलेजात आहे, एकटी येते-जाते. तिला ते रविवार पुसटसेच आठवतात. मला मात्र स्टँडवर बसची वाट पाहताना अजूनही वाटतं, गाडी जरा उशिराच यावी. शेजारी आक्का असाव्यात, शेंगांची टरफलं मांडीवर पडावीत आणि कुठंच जायचं नसावं.