नाल्याकाठचे करांदे

आई आमच्याकडे सिंगापुरात, यिशुनला राहायला आली तेव्हा श्रावण होता. नवरा कामासाठी परदेशी, मी दिवसभर ऑफिसात, आठ वर्षांची लेक दुपारपर्यंत शाळेत. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आई एकटीच असायची. टीव्हीचा तिला कंटाळा. पदर खोचून ती खाली उतरायची आणि नाल्याच्या काठानं पार झाडीपर्यंत फिरून यायची. पहिल्याच आठवड्यात तिथे तिला करांद्याची वेल सापडली.

"अगं, विड्याच्या पानासारखं पान आणि नुसते करांदे लोंबतायत! कोणी हात लावत नाही. इथल्या लोकांना खायचं कळत नाही की काय?"

करांदे म्हणजे वेलीला वर, पानांच्या बगलेत लागणारे बटाट्यासारखे कंद. साल खडबडीत, आत पिवळसर गर. आमच्या कोकणात ते उपासाला उकडून खातात. माझ्या तोंडाला पाणी सुटायला हवं होतं, पण सुटला तो घाम. मी जात्याच भित्री, त्यात सिंगापूरच्या नियमांनी आणखी भित्री झालेली.

"आई, इथे झाडाचं पान तोडलं तरी दंड होतो. माझा नोकरीचा पास काढून घेतला म्हणजे?"

"करांद्याला कोण पास विचारतंय?" आई म्हणाली.

खरी भीती वेगळीच होती. ऑफिसमधल्या एका मलय मैत्रिणीनं मला सांगितलं होतं, की इकडच्या रानात अशीच एक वेल असते. तिचा कंद दिवसेंदिवस वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाल्ला तर माणूस दगावतो. मी ते आईच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "ती वेगळी. तिला तीन-तीन पानं असतात आणि अंगाला काटे. मी काय आज कंद बघतेय?" आणि तिनं तांदूळ निवडायला घेतले. आईनं विषय बदलला की समजायचं, तिचं ठरलंय.

श्रावणी सोमवार होता. पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसात महिनाअखेरचे हिशेब करत बसले होते, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"मम्मी, आजी ओकतेय. तिला सगळं डबल दिसतंय. शी ऑलमोस्ट फॉल डाउन, लह!" हे ‘लह’ इथल्या बोलीतलं, आपल्या ‘गं’सारखं.

"तू काय खाल्लंस?" माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला.

"नथिंग! आजीनं करांदे उकडले आणि एकटीच खाल्ले. मी मागितलं तर म्हणाली, रात्री. सो मीन!"

माझा जीव भांड्यात पडला, आणि पडला तसाच पुन्हा उडाला. लेकीनं खाल्लं नव्हतं, पण आईनं खाल्लं होतं. शेजारच्या आंटीला बोलाव, असं लेकीला सांगून मी टॅक्सी पकडली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं त्या टॅक्सीत माझं झालं. गावी भावाला काय सांगायचं इथपासून ते आईला परत कसं न्यायचं इथपर्यंत सगळं मी मनात करून टाकलं, आणि ते केल्याबद्दल स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी पोचले तेव्हा आंटीनं ॲम्ब्युलन्स बोलावलेली होती. ती चिनी बाई दारातच हात चोळत उभी होती. आईपेक्षा तिचाच चेहरा पांढरा पडलेला.

"युवर मदर टेक द ॲश! फ्रॉम द बिन डाउनस्टेअर्स! दॅट वन फॉर द डेड पीपल, कॅनॉट टेक, लह!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. करांद्यांचा कडवटपणा जावा म्हणून आमच्याकडे ते चुलीतली राख घालून उकडतात. गॅसच्या फ्लॅटमध्ये राख कुठली? पण त्या महिन्यात आमचे चिनी शेजारी आपल्या मेलेल्या माणसांसाठी खाली लोखंडी पिंपात कागदी नोटा जाळत, सोनेरी वर्ख लावलेल्या. आईला आयती राख मिळाली. तिनं वाटीभर आणली.

आकडेमोड करून पोट भरणारी मी, पण अंगावर सर्रकन काटा आला. आईनं मेलेल्यांच्या वाटणीचं उचललं, आता ते काय उचलतील? दुसऱ्या क्षणी वर्ख आणि रंग आठवले, त्यानं भीती दुप्पट झाली. ओट्यावर पातेलं होतं, त्यात काळं पाणी. ताटलीत एक करांदा अर्धा खाल्लेला. बाकीचे सगळे नीट झाकून ठेवलेले.

हॉस्पिटलात मी डॉक्टरांपुढे पिशवीतून करांदा आणि पान ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, कुणाला तरी फोन केला आणि म्हणाले, कंदाचं असेल, राखेचंही असेल, पुढचे काही तास श्वासाकडे लक्ष ठेवावं लागेल. आईची जीभ जड झाली होती. ओठ बधिर झाल्यानं तिला माझं नावही नीट घेता येत नव्हतं. ती नुसती चादरीवर माझा हात चाचपत होती. मला वाटलं, आई जाणार. परक्या देशात, रानातला एक कंद खाऊन जाणार. लेक माझ्या पंजाबी ड्रेसचं टोक घट्ट धरून उभी होती.

दिवेलागणीच्या सुमाराला आईचे शब्द सुटे व्हायला लागले. ती बोलतेय म्हटल्यावर माझ्या भीतीचा राग झाला.

"एवढी कसली हाव? सोमवारचं सगळ्यांनी मिळून खाल्लं असतं. पोरीला तर हातही लावू दिला नाहीस!"

"कशी देणार?" आई हळू म्हणाली. "नव्या जागेचा कंद घरातल्या मोठ्या माणसानं आधी खायचा असतो. दिवस मावळेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं."

"मला कधी कोणी सांगितलं नाही हे."

"मुलांना सांगतात होय? मग मुलं खातील का?"

मला आमचे वडील आठवले. रानातून कंद आणले, की ते पडवीत एकटेच ताटली घेऊन बसायचे, आणि आम्ही भावंडं उंबऱ्यावरून बघत त्यांना हावरट म्हणायचो. आई आत असायची. ती कधी हसायची नाही.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "पुढच्या वेळी आधी मी खाईन."

आईनं डोळे उघडले. एवढ्या तासांत पहिल्यांदाच तिची नजर स्थिर होती.

"मी आहे तोवर नाही," ती म्हणाली.

तिचा श्वास आता ठीक चालला होता, डॉक्टरांनीही तसं सांगितलं. तरी मी रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिले. करांद्याची भीती गेली होती. त्या ‘तोवर’ची बसली, ती अजून उठलेली नाही.