रस्त्याच्या पोटातली विहीर

मशीन सुरू करण्याआधी शेलार सर रस्त्यावर उकिडवे बसायचे, डांबरावर तळवा टेकायचे आणि हळूच म्हणायचे, "दुखलं तर सांग." पहिल्या दिवशी मला हसू आलं. चाकणचा रस्ता, शेजारून कंटेनर धडधडत चाललेले, आणि हा पन्नाशी ओलांडलेला इंजिनिअर रस्त्याशी डॉक्टरासारखा बोलतोय! ड्रायव्हर म्हणाला, "हसू नका मॅडम, उद्या तुमच्याकडूनही म्हणून घेतील."

रस्ता न फोडता त्याची तब्येत बघायची, हे आमचं काम. गाडीमागचं मशीन रस्त्यावर वजन आपटतं आणि त्या दणक्यानं रस्ता किती दबला ते मोजतं. पुढच्या बाजूला रडार असतं. त्याच्या लहरी डांबराखाली जातात आणि पोटातले थर पडद्यावर उमटतात. माझे वडील कंपनीत प्रेस मशीनवर कामगार होते. घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. मी इंजिनिअर आहे हे मी चारचौघांत जरा मोठ्यानंच सांगते, त्यात लाजायचं काय? सरही त्यांच्या घरातले पहिलेच, चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातले. रिपोर्ट इंग्रजीत लिहीत, पण बोलण्यातून गाव गेलं नव्हतं. म्हणायचे, "फोडून कुणीबी बघंल. न फोडता बघायचं तर शिकावं लागतं."

माणसांशीही ते तसेच वागत. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी विचारून विचारून जीव नकोसा केला. सरांनी एक शब्द विचारला नाही. मला लांबच्या साइटवर नेत राहिले आणि गाडीत रेडिओ लावून ठेवला.

मागच्या वर्षी चिखलीतला एक रस्ता तपासायला आला. वरून गुळगुळीत. शाळेच्या बस, वर्कशॉपचे टेम्पो, सगळं त्याच्यावरूनच. एका जागी पडद्यावरच्या सरळ रेषा वाकल्या. खाली पोकळी होती. वजन टाकलं तर रस्ता आजूबाजूपेक्षा कितीतरी जास्त दबला. सरांनी गाडी मागे घ्यायला लावली, पुन्हा तिथूनच नेली. मग पुन्हा. शेवटी खाली उतरले आणि म्हणाले, "ही आमची विहीर हाय."

कडेला उभं राहून त्यांनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण शकू लहानपणी या विहिरीत बुडाली. देह मिळाला, सगळे विधी झाले. त्याच आठवड्यात वडिलांनी दगड, पडक्या भिंती, झाडाचं खोड, हाताला येईल ते आत लोटून विहीर बुजवली. पुढे जमीन गेली, वरून रस्ता झाला, वडीलही गेले. पण आई त्या रस्त्यावर कधी पाऊल ठेवत नव्हती. मंडईला जाताना वर्कशॉपच्या गल्ल्यांतून वळसा घालायची. घरात शकूचं नाव निघत नव्हतं, आणि सरांनी कधी काढलंही नव्हतं.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "वरून झकास आहे राव. एक थर टाकू, विषय संपला." सरांना वाट आयतीच मिळत होती. थर पडला असता तर आईला काही कळलं नसतं. आणि एक दिवस एखादी बस खाली गेली असती. सरांनी पडद्यावरच्या वाकलेल्या रेषांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मागंबी वरूनच झाकली व्हती." त्यांनी रस्ता फोडायचा शेरा लिहिला आणि मला म्हणाले, "घरी चल. आईला सांगायचंय. मला एकट्याला जमायचं न्हाई."

घरी आजी, सरांच्या आई, मेथी निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला ठावं हाय ती कुठं हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या मशीनला आत्ता गावली व्हय?"

खोदाईच्या दिवशी त्या आल्या. वरचे दगड एकमेकांत अडकून तसेच तरंगल्यासारखे राहिले होते. ते काढले तर खाली काळं पाणी. जेसीबीवाल्यानं आपण होऊन मशीन बंद केलं. आजी वाकून बघत राहिल्या. मग सरांना म्हणाल्या, "ह्या येळंला नीट बुजव. तुझ्या बापानं रागात बुजवली व्हती."

पाणी उपसलं, थरावर थर दाबत विहीर भरली. प्रत्येक थराला सर स्वतः उभे होते. पण त्यानंतर रस्त्यावर तळवा टेकताना ते काही बोलेनासे झाले. एकदा मी विचारलं, आता 'दुखलं तर सांग' का म्हणत नाही? म्हणाले, "आन् शकूनं सांगितलं तर?"

काही महिन्यांतच सर हृदयविकारानं गेले.

यंदा तो रस्ता पुन्हा तपासायला मीच गेले. विहिरीचा गोल पडद्यावर अजून पुसट दिसतो, पण रस्ता शेजारच्याइतकाच भक्कम. मान वर केली तर कडेला आजी. हातात भाजीची पिशवी, मंडईकडून सरळ याच रस्त्यानं आलेल्या.

"काय म्हणतीय?" त्यांनी विचारलं.

"घट्ट आहे आजी. कुठं पोकळ नाही."

"मग सांग की तुझ्या सायबाला. वाट बघत आसंल."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्यानं इंजिन बंद केलं. मी उकिडवी बसले आणि तळवा टेकला. डांबर तापलं होतं. हात तसाच ठेवला आणि सांगितलं.