चिकटपट्टीची संक्रांत

साठी ओलांडलेली बाई पतंग बघायला सांगलीहून बडोद्याला निघाली, तेव्हा सुनेला हसू आवरेना. मलाही आवरेना. पण पतंग हे निमित्त होतं; बडोद्याच्या माझ्या मैत्रीण कमलताई तीन आठवडे फोन उचलत नव्हत्या.

आमची मैत्री एचआयव्हीमुळे झाली. पुण्यात पेशंटांच्या मेळाव्यात भेटलो. दोघी विधवा, दोघी तोंडाळ. तेव्हापासून रोज सकाळी आठला मी फोन करून विचारते, “गोळी घेतली का?” आणि दोघी एकदमच गिळतो.

पाणीगेटला रिक्षातून उतरले आणि हरखूनच गेले. सकाळीच आभाळात जागा उरली नव्हती, धाब्याधाब्यांवर (गच्च्यांवर) भोंगे वाजत होते. एक कटलेला पतंग माझ्या अंबाड्यातच येऊन अडकला. तो मिरवत जिना चढले.

कमलताई पांघरूण घेऊन पडल्या होत्या. माझं ध्यान पाहूनही हसल्या नाहीत. गोळ्यांची बाटली जवळजवळ भरलेली. डॉक्टरांनी उदासीचा आजार सांगून दिलेलं औषध तर उघडलंच नव्हतं. एकेकाळी ह्या बाईनं अख्ख्या पाणीगेटचे पतंग कापले होते. मी म्हटलं, वर चला.

“मांज्यानं बोट कापतं, सुमन. माझं रक्त दोरीला लागलं आणि ती कुणाच्या हातात गेली तर? आठ वरसं धाब्यावर गेले नाही.”

मला रडूही आलं आणि रागही. दोरीवरच्या रक्तानं हे पसरत नाही, डॉक्टरांनी दोघींना सांगितलं होतं. पण उदासी माणसाला ठाऊक असलेलंच आधी पळवते. मी त्यांना खिडकीशी नेलं. समोरच्या धाब्यावर शेजारच्या हंसाबेन, त्यांचे यजमान, सासूबाई, सगळ्यांच्या बोटांना चिकटपट्टी. बडोद्यात त्याशिवाय कुणी दोरीला हात लावत नाही.

“यातलं आजारी कोण, ओळखा बघू,” मी म्हटलं.

त्यांनी एकेकाची बोटं न्याहाळली. मग हात पुढे केला.

मी उत्साहानं दोघींची वीसही बोटं गुंडाळली आणि मग आठवलं, गोळी राहिलीच. बाटलीचं झाकण कुणालाच उघडेना. शेवटी बाटली मी गुडघ्यात धरली, त्यांनी तळव्यांनी फिरवली, गोळ्या घरभर झाल्या. जमिनीवर रांगताना कमलताई हसल्या. हसता हसता रडल्या, आणि मीही.

दुपारपर्यंत त्यांनी चार पतंग कापले. “काप्यो छे!” म्हणून ओरडून घसा बसला. हंसाबेननी दोघींना एकाच ताटात उंधियु (संक्रांतीची मिश्र भाजी) वाढलं.

एका पतंगानं उदासी जात नाही, हे मला माझ्यावरून ठाऊक आहे. सुट्टी संपल्यावर आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो, उदासीच्या औषधाचं बंद पाकीट उघडलं, मग मी गाडीत बसले.

सांगलीला पोचले त्या सकाळी आठला पाच मिनिटं होती. मी फोनकडे हात नेला, तर तोच वाजला.

“गोळी घेतली का?” बसलेल्या आवाजात कमलताई विचारत होत्या.