सरडीचं बाळंतपण

नर नसतानाही सरडी अंडी घालते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. माझ्या मुलीचं बारसं उरकून मी सांगलीहून नेदरलँड्सला, आर्नहेमला परतलो, तर बायकोची पाळलेली कॅमेलिऑन जाळीच्या पिंजऱ्यात, खालच्या वाळूच्या डब्यात तोंड खुपसून बसलेली. घराची किल्ली शेजारच्या डच बाईंकडे होती. त्या म्हणाल्या, "काल आले तेव्हाही उकरतच होती. काहीतरी हरवलं असेल तिचं." दुसऱ्या दिवशी त्या वाळूतून बोटाच्या पेराएवढी पांढरी अंडी निघाली, एकामागून एक. मी चक्रावून बायकोला फोन केला. "मी नसताना हिच्याकडे कोणी येऊन गेलं का?" ती इतकी हसली की टाके दुखतात म्हणून तिने फोनच ठेवला.

नंतर तिने समजावून सांगितलं. कोंबडीसारखंच असतं, नर लागत नाही, वाळूचा डबा त्यासाठीच तर ठेवलाय. मला वाटलं होतं, तो डबा शोभेसाठी आहे.

ही सरडी घरात कशी आली ते सांगायला हवं. लग्नानंतर बायको इथे आली तेव्हा तिच्याकडे नोकरी नव्हती आणि मी दिवसभर ऑफिसात. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून मी म्हटलं मांजर आण. ती हे घेऊन आली. हे जनावर ओरडत नाही, कुरवाळून घेत नाही, जागचं हलायलाही त्याला दहा वेळा विचार करावा लागतो. डोळे दोन दिशांना. पण बायको तिच्याशी तासन्‌तास बोलायची आणि ती एक डोळा तरी तिच्याकडे ठेवायची, एवढं खरं. बाळंतपणासाठी माहेरी जाताना बायकोने मला माझ्या जेवणाबद्दल, कपड्यांबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "हिला काही होऊ देऊ नकोस. मला दुसरं कोणी नाहीये इथे." मी तिथेच उभा होतो, पण असो.

तर आता ही बाळंतीण माझ्या गळ्यात. आणि योगायोग असा की एक बाळंतपण मी नुकतंच डोळ्यांनी पाहून आलो होतो. आमच्या सासूबाईंचं शास्त्र पक्कं आहे. ओल्या बाळंतिणीला ऊब द्यायची, शेक द्यायचा, तुपातलं खायला घालायचं. वारा लागू द्यायचा नाही. पाणी द्यायचं ते ओवा घालून उकळलेलं, कोमट आणि घोटभर. जावयाने बाळंतिणीच्या खोलीत घुटमळायचं नाही. मी दारातून जेवढं पाहिलं तेवढं मनात साठवून आणलं होतं, आणि ते इथे कामाला आलं म्हणून मला बरंच वाटलं.

मी दिवा खाली ओढून पिंजरा चांगला गरम केला. रोजच्या नाकतोड्यांऐवजी लठ्ठ, पिवळट, चरबीने भरलेल्या अळ्या आणल्या. घरात अंडंही न खाणारा माणूस मी, पण चिमट्याने अळ्या भरवायला लागलो. डिंकाच्या लाडवाच्या ठिकाणी दुसरं काय देणार? आणि दिवसातून चार वेळा आपोआप सुरू होणारा पाण्याचा फवारा बंद करून टाकला. भिजली, गारठली, तर काय करा.

पहिल्यांदा ती अधाशासारखी खात होती. मग खाणं मंदावलं, आणि शी बंद झाली. मग खाणंही बंद. ती खालच्या फांदीवर पोट टेकून बसायची आणि भर दिवसा डोळे मिटून घ्यायची. हिरवा रंग जाऊन ती ओल्या मातीसारखी काळपट दिसायला लागली. इंटरनेटवर एक जण म्हणे उष्णता वाढवा, दुसरा म्हणे कमी करा, तिसरा म्हणे असं दिसलं की ती गेलीच समजा. बायको परत येईल तेव्हा रिकामा पिंजरा दाखवायचा?

त्यात बायकोचे रोजचे व्हिडिओ कॉल. मला मुलीला बघायचं असायचं, आणि ही पहिला प्रश्न टाकायची, "शी झाली का तिला?"

"नाही."

"जोर लावते का? दुखत असेल रे तिला."

"मला काय कळणार दुखतंय का ते? जरा बाळ दाखव ना."

"कोणी बघतं का तिच्याकडे? का सगळे अंडीच बघतात?"

सगळे म्हणजे कोण? घरात मी एकटा. आणि अंडी तर मी केव्हाच टाकून दिली होती. मागून सासूबाईंचा आवाज यायचा, "त्या सरड्याचं काय घेऊन बसलीस गं, बाळ भुकेलंय!" बायकोच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि फोन बंद व्हायचा. मला काहीच समजेना. मांडीवर स्वतःचं मूल असताना हिला सरडीच्या पोटाचं इतकं का लागावं? मी चिडलोही. बाळंतपणात मन हळवं होतं असं ऐकलं होतं, तेच असेल म्हणून सोडून दिलं.

शेवटी एके सकाळी रजा टाकून मी सरडीला भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात घातलं, खोका जॅकेटच्या आत धरला आणि ट्रेनने सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला. आत अंडं राहिलेलं नव्हतं. आतडं मात्र गच्च. "काय काय केलंत?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, थोडं अभिमानानेच. त्या लिहायच्या थांबल्या.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"माझ्या सासूबाईंनी."

"त्या कॅमेलिऑन पाळतात?"

मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. अंडी तयार होताना तिच्या अंगातलं पाणी त्यांच्यात जातं. ती आधीच सुकलेली असते. त्यावर मी तिला आणखी शेकलं, जड खायला घातलं आणि पाणी तोडलं. आतलं सगळं वाळून घट्ट झालंय. ढकलताना तिला दुखतं, म्हणून ती ढकलत नाही, आणि खातही नाही. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती वाचली नसती. आता खाणं नको, औषध मोजकंच. पाणी द्या, भरपूर द्या, आणि तिला निवांत राहू द्या.

घरी आल्यावर मी कुंडीतलं झाड बाथरूममध्ये ठेवलं, तिला त्यावर बसवलं, आणि कोमट शॉवर भिंतीवर सोडला म्हणजे तुषार तेवढे अंगावर येतील. मी कमोडचं झाकण लावून त्यावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि कॅमेरा बंद ठेवून ऑफिसच्या मीटिंगा केल्या. पहिल्यांदा ती नुसतीच बसली. मग पानावरचा थेंब चाटला. मग दुसरा. मग ती इतकी पीत राहिली की मला स्वतःचीच लाज वाटली. असं दोन-चार दिवस चाललं, आणि एका दुपारी झाडाखाली ते पडलं: काळी, कडक गोळी, आणि तिला लागून लघवीचा, पाण्याअभावी केशरी झालेला खडा. मी फोटो काढला. असला फोटो काढताना कोणाला इतका आनंद झाला असेल असं मला वाटत नाही.

लगेच सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. बायकोला फोटो दाखवला, डॉक्टरीणबाईंनी जे जे सांगितलं ते सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं.

पण ती हळूच म्हणाली, "हे जरा आईला सांगशील?"

"सरडीचं? त्यांना कशाला?"

"सरडीचं नाही रे. मलाही होत नाहीये. किती दिवस झाले. टाके ओढतात, मी घाबरून जातच नाही. तहानेने जीव जातो माझा. पाणी मागितलं तर आई म्हणते, पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल, सगळ्या बायकांनी हेच केलंय. तुला सांगायची लाज वाटत होती."

मी रोज तिला बघत होतो, आणि रोज म्हणत होतो, बाळ दाखव. "हे झालं की लगेच डॉक्टरांना फोन कर," मी म्हणालो. "आता फोन आईंना दे."

सासूबाई फोनवर आल्या. आजवर आमचं बोलणं हवा-पाणी आणि तब्येतीपलीकडे गेलं नव्हतं.

"आई, तिला पाणी द्या. मागेल तेवढं."

"अहो, तो सरडा तर तुमच्याकडे आहे ना?"

"तुमच्या मुलीला म्हणतोय मी."

माझ्याशी की स्वतःशी कळलं नाही, पण सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला कोणी दिलं नव्हतं हो." फोन कुठेतरी पालथा ठेवला गेला. मला दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू येत होतं. माझी बायको पाणी पीत होती, न थांबता.