कलणारी गाडी

कुडाळच्या फलाटावर मी माझ्या भावाला, आबाला, निक्षून सांगितलं होतं, "तीन महिने. मगे परत." बायको गेल्यावर मुलगा सुधीर मला जपानला न्यायला आला होता. आबा म्हणाला, "थंय खातलंस काय रे, कच्चे मासे?" म्हटलं, "तुझ्या हातचा जेवान खाऊन जगलंय, आता कायय पचात!"

मालवणच्या समुद्रात जन्म काढलेल्या माणसाला चौथ्या मजल्यावर बसवलं की काय होतं, ते परदेशी गेलेल्यांना सांगायला नको. सुधीर आणि सून कामावर, मी खिडकीत. दीड महिन्यात हट्ट धरला, तिकीट काढ. तो बिचारा म्हणाला, "बाबानू, जावच्या आधी एकदा हयलो समुद्र तरी बघा."

त्या किनाऱ्याने डिझेलची एक्स्प्रेस जाते. दोनच डबे, पिवळं तोंड. सुटताच पायाखाली मशीन धडधडलं, थेट माझ्या लाँचीसारखं. जीव जरा थाऱ्यावर आला. समुद्र दिसला आणि वळणावर गाडी चक्क कलली! शिडाच्या होडीत बापाने शिकवलेलं, "कलली की वरच्या अंगाक सर, इचारीत बसू नको." मी उठून ओरडलो, "वरच्या अंगाक सरा रे! कलांडता!" आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसलो.

तिथे गाडीत कोणी मोठ्याने खोकतसुद्धा नाही. सुधीर लालबुंद. "बाबानू, ती मुद्दाम कलता! वळणावर वेग राखूक."

"मग पयलाच सांगूक नको, मेल्या?"

बाकावर माझ्याच वयाचा एक जपानी म्हातारा होता. तो खुदकन हसला. पुढच्या वळणावर शीड ओढल्यासारखे हात करत माझ्याबरोबर तोही सरकला. हामादा बंदराला उतरताना त्याने हाताने बोलावलं. सुधीर म्हणाला, "आपला तिकीट फुडचा आसा." मी उतरलो होतो.

धक्क्यावर त्याची जाळी पसरलेली. एक फाटकं दिसलं, मी मांडी घातली. त्याने सुई पुढे केली.

आता दर सोमवारी एकटा जातो. आमची गाठ वेगळी, त्याची वेगळी. तो माझी सोडून पुन्हा बांधतो, मी त्याची. दोघेही हटत नाही. जाळं मात्र धड होतं.

आबा, तीन महिने कधीच उलटले. चतुर्थीला येतो, गणपतीवरची फळापानांची माटवी मी आल्याशिवाय बांधू नको. कुडाळला उतरलो की म्हणेन, घराक इलंय. जपानला परत निघताना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. निघणार मात्र नक्की.