जुनं मशीन उठवणारी फ्लॉपी

फ्लॉपी सरजींनी स्वतःच वाकवली. सेक्टर सतरामधल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात पोलीस पिशव्या तपासत होता. तेव्हा दहशतवादाचे दिवस, कुठे काय फुटेल याचा नेम नव्हता, तपासणी रोजचीच. त्याला सरजींच्या पिशवीतलं ते काळं चौकोनी काय आहे कळेना. सरजी, म्हणजे क्लासचे मालक, हसत म्हणाले, "बम नहीं जी, प्लास्टिक है," आणि खात्री पटावी म्हणून चपातीसारखी घडीच घातली.

पोलिसाची खात्री पटली, मशीनची नाही. आमच्या जुन्या मशीनला हार्ड डिस्क नव्हती, ते त्या एकाच फ्लॉपीवरून उठायचं. दुपारी नवी बॅच येणार होती आणि मी शिकवायला ट्रायलवर.

"मशीन नहीं तो बॅच नहीं. बॅच नहीं तो तू नहीं," सरजी म्हणाले.

म्हणजे चंडीमंदिरच्या लष्करी क्वार्टरमध्ये, जिथे मी राहायचो, ताई-दाजींना नमस्कार ठोकायचा आणि थेट गावी, करमाळ्याला. ताई तशीही रोज म्हणायचीच, "नकला करून पोट भरतं होय रे?"

सरजींनी शेजारच्या नव्या मशीनवरून सगळ्या फायली कोऱ्या फ्लॉपीवर कॉपी केल्या. जुनं मशीन म्हणे, नॉन-सिस्टम डिस्क. पुन्हा केल्या. पुन्हा तेच रडगाणं.

"दिल्लीवाले को बुलाऊं?" सरजींनी विचारलं.

"रास्ता बंद है सरजी. आज तो नहीं आएगा," मी म्हणालो.

दिल्लीवाला म्हणजे मशीन बघायला येणारा इंजिनिअर. त्याची नक्कल हा माझा हुकमी आयटम. पँट वर ओढायची, नाक ओढायचं आणि दाबेल ते बटण मोठ्यांदा बोलायचं. मी उभा राहिलो. पँट. नाक. "हटिए सरजी, वॉरंटी चली जाएगी. फॉरमॅट. स्पेस. ए, कोलन. स्लॅश एस."

सरजी हसत खुर्ची सोडून उठले. बोलता बोलता माझीच ट्यूब पेटली. एस म्हणजे सिस्टम! नुसत्या फायली कॉपी करून भागत नाही, मशीनला उठवणारा लपलेला भागही फ्लॉपीवर चढवावा लागतो.

बनवली, जुन्यात घातली. घुर्र झालं आणि गप्प.

"हो गया ड्रामा, मराठे?" सरजी आता हसत नव्हते.

मी नक्कल पहिल्यापासून धरली. पँट, नाक, फॉरमॅट, स्लॅश एस... आणि तोंडातून दिल्लीवाल्याचं पुढचं वाक्य आपसूक निघालं, "स्लॅश फोर, पुराने के लिए."

हात्तिच्या! नव्या मशीनचा ड्राइव्ह फ्लॉपीवर लिहितो बारीक, दाट. आमच्या म्हाताऱ्या मशीनला ते वाचता येईना, त्याला मोठं अक्षर पाहिजे. ते हा चार सांगतो. दुसरी कोरी फ्लॉपी घेतली, चार लावला, जुन्यात सारली. घुर्र, खट, घुर्र... आणि काळ्या पडद्यावर हिरवागार 'ए' उगवला. मशीन उठलं!

सरजींनी मला उचललंच, राव!

दुपारी बॅच आली. सरजी म्हणाले, "ये हैं हमारे मास्टरजी. पक्के." मी सगळ्यांना मशीनपुढे रांगेत उभं केलं. एकेकाने यायचं, मशीन बंद करायचं, परत उठवायचं. दर वेळी 'ए' उगवला आणि दर वेळी मागून सरजी ओरडले, "बल्ले!"