बिनपासपोर्टचा सोबती

विमानतळावर सामानाची वाट पाहत उभा होतो, तेव्हा मास्क लावलेल्या एका मुलीनं विचारलं, "काका, नाकातला नमुना द्याल का? परदेशातून येणाऱ्यांबरोबर फ्लूचा विषाणू कोणत्या नव्या रूपात येतोय, ते आम्ही पाहतो." मला साधी शिंकही नव्हती. पण तिचं मन मोडवेना. कापसाची काडी नाकात फिरली, डोळ्यांत पाणी आलं आणि घरी पोचेपर्यंत मी ते विसरूनही गेलो.

काल तिचा फोन आला. "काका, तुमच्या नमुन्यात फ्लू सापडलाय. असं रूप आम्ही अजून पाहिलं नव्हतं. बरे आहात ना?"

मी ठणठणीत होतो, तसं तिला सांगितलंही. त्या दिवशी अधिकाऱ्यानं पासपोर्टवरचा फोटो माझ्या चेहऱ्याशी दोनदा ताडून पाहिला होता. ज्यानं खरंच चेहरा बदलला होता, तो मात्र माझ्या श्वासात बसून निवांत आत आला. कुठून आला असेल? निघायच्या दोन दिवस आधी तिकडे नातवानं अर्धं चोखलेलं बिस्कीट माझ्या तोंडात कोंबलं होतं. केवढं गोड लागलं होतं ते!

आणि एकदम आठवलं. घरी आल्या आल्या मी म्हाताऱ्या आत्यापुढे चॉकलेट धरलं, तर ती म्हणाली, "मला साखर आहे रे, अर्धं तू खा." मी अर्धं दातानं तोडलं आणि उरलेलं तिला भरवलं.

"घरात कुणी वयस्कर आहे का, काका?" मुलगी विचारत होती.

आतल्या खोलीत आत्या खोकली.